उजेडाचा बाक

१२ जून

खडूबाई,

परवा तुझा फोन आला तेव्हा निम्मं ऐकू आलं आणि निम्मं मी मनानं भरलं. त्यामुळे तुझी नेमणूक माझ्याच जुन्या शाळेत झाली आहे हे मला दुसऱ्या दिवशी तुझ्या बापाकडून कळलं. यापुढे फोन करू नकोस, लिही. मास्तरीण झालीस ना, मग जरा अक्षर तरी दिसू दे.

त्या शाळेत मी चौतीस वर्षं काढली आणि बाहेर पडून दहा वर्षं झाली. लहानपणी तू माझ्या वर्गात येऊन खडू खायचीस, म्हणून हे नाव पडलं. आता त्याच वर्गात खडूची भुकटी नाकातोंडात घेशील. इथलं इथेच फेडावं लागतं ते असं.

खोली बदलली नसेलच. डावीकडे दार, उजवीकडे एक खिडकी, समोर भिंतीतच केलेला सिमेंटचा फळा. दिवा लावायची सोय आहे, दिवा नाही. तुला उपदेश फार करत नाही, कारण निवृत्त माणसाचा उपदेश म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. दोनच गोष्टी सांगते. पाण्याची बाटली जवळ ठेव, घसा एकच असतो आणि तो सरकार बदलून देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे उजेडाचा बाक.

खिडकीला लागून मागचे दोन बाक आहेत. ज्या मुलाला वाचायला जड जातं त्याला तिथे बसवायचं. या मुलांच्या घरी एका खोलीत सहा माणसं राहतात, पुस्तक धरायला उजेड नसतो. निदान शाळेत तरी त्यांच्या पुस्तकावर पडू दे. बाकीच्या बाया ढ मुलांना दारामागच्या कोपऱ्यात ढकलायच्या, मी खिडकीशी घ्यायचे. तुझा बापही तिथेच बसायचा. सख्खा भाऊ म्हणून पहिल्या बाकावर बसवला असता तर लोक बोलले असते. चौथीनंतर त्यानं पुस्तक मिटलं ते मिटलंच आणि भिंती रंगवायला गेला. डोकंच नव्हतं त्याचं अभ्यासात, हात मात्र सोन्याचे. असो, पाची बोटं सारखी नसतात.

पहिल्या दिवशी रडू नकोस. दुसऱ्या दिवशी चालेल.

तुझी,
आत्या

३ जुलै

आत्या,

दुसऱ्या दिवशीही रडले नाही, कारण वेळच मिळाला नाही. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत आहेत आणि दोन्ही मिळून चोपन्न मुलं. तिसरीला गप्प बसवलं की चौथी बोलायला लागते, चौथीकडे वळलं की तिसरीत कुणीतरी कुणाला तरी चावलेलं असतं. चौथीच्या बाई दोन वर्षांपूर्वी बदलून गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. हेडसर म्हणतात, “मागणी पाठवली आहे.” मागणी कुठपर्यंत पोचली विचारलं, तर म्हणाले, “मागणी पाठवायची असते बाई, तिच्या मागे धावायचं नसतं.”

संध्याकाळी खोलीवर येते तेव्हा पाय आपले नाहीत असं वाटतं. मग तक्ते भरायला बसते. किती मुलं वाचतात, किती अडखळतात, किती वाचत नाहीत. तीन रकाने आहेत आणि दर शुक्रवारी ते वर पाठवायचे. ज्या वेळात वाचायला शिकवायचं त्या वेळात किती वाचतात ते मोजायचं. माझ्या खुर्चीला तीन पाय आहेत, चौथ्याच्या जागी विटा लावल्या आहेत. हसलं की पडायला होतं, पण तसे प्रसंग फार येत नाहीत.

उजेडाच्या बाकाचं तू सांगितलंस तसं केलं. सहाजणांना तिथे बसवलं. त्यात एक चौथीची मुलगी आहे, तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण कडेवर तिच्याएवढाच भाऊ घेऊन येते. शाळा सुटेपर्यंत तो पायरीवर खेळतो. मुंगी नीटनेटकी आहे, पाढे तोंडपाठ आहेत, पण वाचायला घेतलं की चिडीचूप. वहीत लिहिते तेही शेजारणीचं बघून, तिच्या चुकांसकट.

तिची आई परवा आली होती. चार घरची धुणीभांडी करते. उभ्या उभ्याच बोलली. “बाई, चार वर्षं झाली. हिला पाटी वाचता येत नाही. सहामाहीपर्यंत बघते. नाहीच जमलं तर घरी ठेवते, बारक्याला सांभाळेल तरी.” मी म्हटलं असं करू नका. ती म्हणाली, “मग मी काय करू ते सांगा.” सहामाही ऑक्टोबरच्या मध्यावर आहे.

तू चौतीस वर्षं हे कसं केलंस, आत्या?

तुझी,
खडू

१४ जुलै

खडूबाई,

चौतीस वर्षं कशी केली? एकेक करून. एकदम करायला घेतली असती तर पहिल्याच आठवड्यात पळाले असते.

तुझं पत्र वाचून खुर्ची ओळखली. मी होते तेव्हा तिला साडेतीन पाय होते. तक्त्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. आणि मुंगीच्या आईशी भांडू नकोस, ती चूक नाही आणि तूही नाहीस. मुंगीला धीरानं घे. रोज जवळ जा, पाठीवर हात ठेव. पण खरं सांगते, उजेडाच्या बाकावरच्या तिघांतला एखादाच पुढे जायचा. मी जीव तोडला तरी दोघं चौथीला गळायचेच. आधी मी रडायचे, मग नुसते उसासे टाकायचे, मग तेही टाकायचं सोडलं. काही मुलांच्या नशिबी नसतंच, असं मी ठरवून टाकलं. त्याशिवाय दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येत नाही.

आता माझी बातमी ऐक. शिक्षण कार्यालयातून माणूस आला होता. जुन्या शिक्षकांच्या युक्त्यांची एक पुस्तिका काढताहेत, ती आपल्याकडच्या सगळ्या सरकारी शाळांना वाटणार. एकशे चाळीस शाळा! प्रत्येकाला एक पान. मला म्हणाला, “बाई, तुमचं पान हवंच.” चौतीस वर्षांत या कार्यालयानं मला ‘हवंच’ असं पहिल्यांदा म्हटलं, एरवी ‘पाठवा’ म्हणायचे. अर्थातच उजेडाच्या बाकावर लिहिणार आहे. तुझ्या बापाला सांगितलं तर नुसता हसला आणि ब्रश धूत बसला. त्याच्याकडून कौतुकाची अपेक्षा म्हणजे दगडाकडून पाझराची.

तुझी,
आत्या

९ ऑगस्ट

आत्या,

बरी आहे. थोडी दमले आहे, इतकंच.

काही गोष्टी विचारायच्या होत्या. तुझ्या वेळी फळा कसला होता? म्हणजे रंग कुठला मारायचे? आणि दार उघडंच असायचं का? आणि पुस्तिका छापायला कधी जाणार आहे?

आणखी एक. तू कधी त्या बाकावर बसली होतीस का? उजेडाच्या.

गुडघे सांभाळ.

खडू

१६ ऑगस्ट

खडूबाई,

हे पत्र आहे की पोलिसांचा पंचनामा? चार ओळी आणि पाच प्रश्न. मी दोनदा उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

तुझं काय बिनसलंय ते मला कळलं आहे. तू नोकरी सोडायचं म्हणतेस. हेडसरांशी वाजलं असेल, नाहीतर मुंगीची आई काही बोलली असेल, आणि आता तू खोली, फळा, दार यांच्यात खोट शोधते आहेस. नाचता येईना अंगण वाकडं. रागावू नकोस, माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. मी तर राजीनामा लिहूनही ठेवला होता. मग त्या कागदाच्या मागे गणितं सोडवली आणि विषय संपला.

विचारलंच आहेस तर सांगते. फळ्याला दरवर्षी सुट्टीत काळा तेलरंग मारायचे. काय चमकायचा! ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे मी रोज, तोंड पाहावं त्यात. दार उघडंच असायचं, नाहीतर मुलं गुदमरली असती, आणि अर्धा वर्ग अंधारात गेला असता. धडा मी नेहमी फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायचे, गणितं उजव्या. आणि बाकावर मी कशाला बसू? बाई बाकावर बसल्या तर मुलं डोक्यावर बसतील.

पान लिहून झालं. महिनाअखेर कार्यालयात द्यायचं आहे. शेवट तुला लिहून पाठवते, वाच:

‘मागे पडलेल्या मुलाला आपण कोपरा देतो. मी त्याला खिडकी दिली. प्रत्येक वर्गात एक उजेडाचा बाक असावा आणि तो सर्वांत अशक्त मुलासाठी राखावा. मुलं बोलून दाखवत नाहीत, पण माया त्यांना कळते.’

कसं वाटलं? मला लिहिताना भरून आलं. म्हातारपण, दुसरं काय.

आत्या

२२ ऑगस्ट

आत्या,

नोकरी सोडत नाही. माझं कुणाशी वाजलेलं नाही. मी तुला तीन आठवडे सांगायचं टाळलं, पण तुझ्या पानाचा शेवट वाचला आणि आता टाळता येत नाही.

जुलैच्या शेवटी खुर्ची मोडली. विटा राहिल्या, खुर्ची गेली. दुसरी मिळाली नाही. चौथीला फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं आणि तिसरीच्या वह्या तपासायला मी जागा शोधत मागे गेले. मुंगी सरकली, तिच्याशेजारी बसले. सकाळचे आठ वाजले असतील. एक वही तपासून मान वर केली आणि फळ्याकडे बघितलं.

आत्या, डाव्या बाजूला काही नव्हतं. फळाच नव्हता. पांढरा लख्ख चौकोन होता. डावीकडच्या दारातून आत येणारा उजेड त्या तेलरंगावर पडतो आणि नेमका खिडकीकडच्या मागच्या बाकांवर येतो. पुस्तकावर खिडकीचा उजेड असतो, तू म्हणतेस तसा, छान असतो. पण समोर काही दिसत नाही. मी पुढे जाऊन पाहिलं, अक्षरं जागच्या जागी होती. परत येऊन बसले, गेली. असं चारदा केलं. मुलं हसायला लागली.

मी मुंगीला विचारलं, “तुला तिथलं दिसतं का गं?” म्हणाली, “नाही.” “मग सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “मला वाटलं तिकडचं पुढच्या मुलांसाठी असतं.”

चार वर्षं, आत्या! त्या पोरीला वाटत होतं की धडा फक्त पुढच्या मुलांसाठी लिहितात आणि मागच्यांनी शेजारणीचं बघून घ्यायचं. वर्ग बदलत गेले तरी ती पहिलीपासून याच खोलीत आहे, माझ्याआधीच्या बाईही तुझ्याच पद्धतीनं बसवायच्या. आणि मी स्वतः तिला दीड महिना तिथे बसवलं. पाठीवर हात ठेवत होते, तू सांगितलंस तसा.

दार लावून पाहिलं, तर निम्मा वर्ग अंधारात गेला. आता ते दोन बाक मोकळे ठेवले आहेत आणि मुलं बाकीच्यांवर चार-चार कोंबली आहेत. मुंगी दाराकडच्या बाजूला बसते. जादू वगैरे झाली नाही. अजूनही अडखळते. पण निदान अडखळायला तिच्यासमोर काहीतरी आहे.

तू मायेनं केलंस, मला माहीत आहे. मलाही तीच माया वाटत होती. पण ते पान देऊ नकोस, आत्या. एकशे चाळीस शाळांत तसेच फळे असतील, तशीच दारं. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत मागे पडलेली मुलं उचलून नेमकी तिथे बसवतील.

बाबांना मी काही बोलले नाही.

तुझी,
खडू

१२ सप्टेंबर

आत्या,

तीन आठवडे झाले. बाबांना फोन केला तर म्हणाले, “ताई ठीक आहे, कमी बोलते.” तू कमी बोलतेस म्हणजे ठीक नाहीस.

रागावली असशील तर रागाव, पण लिही. मी काय चुकीचं बघितलं ते तरी सांग. मला तर रोज वाटतं की चुकीचंच बघितलं असावं. मग मधल्या सुट्टीत त्या बाकावर जाऊन बसते आणि पुन्हा तेच.

सहामाहीला एक महिना आहे. मुंगी काल ‘कपाट’ वाचली. मग वर्गातल्या कपाटाकडे बघत राहिली. मला आनंद व्हायला हवा होता, पण दिवसाच्या शेवटी तेवढंही त्राण उरत नाही.

खडू

२९ सप्टेंबर

खडूबाई,

दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुला कृतघ्न म्हटलं होतं. कालची पोर, तीन महिन्यांची मास्तरीण, मला फळा शिकवते! दुसऱ्यात लिहिलं होतं की माझ्या वेळी ऊन दुसरीकडून यायचं. ते वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. सूर्य काय माझ्याबरोबर निवृत्त झाला?

मग रात्रंदिवस एकच चाळा लागला. चौतीस वर्षं, दरवर्षी पाच-सहा मुलं. नावं आठवत नाहीत बघ. हुशार मुलांची सगळी आठवतात, आडनावांसकट. यांचे नुसते चेहरे आठवतात, खिडकीच्या बाजूनं उजळलेले. एकटक माझ्याकडे बघत असायची. मला वाटायचं, किती मन लावून बघतात बिचारी. तरी डोक्यात शिरत नाही, काय करावं.

दिव्याखाली अंधार, असं आता कुणीही म्हणेल. मला म्हणू नकोस तू.

शेवटी तुझ्या बापाकडे गेले. पलीकडच्या गल्लीत एका घराचं दार रंगवत होता. मी पायरीवर बसले आणि सरळ विचारलं, “तुला माझ्या वर्गात फळा दिसायचा का रे?”

ब्रश न थांबवता म्हणाला, “अर्धा दिसायचा की.”

“कुठला अर्धा?”

“गणिताचा.”

खडू, त्याला गणित येतं. आपण सगळे म्हणतो ना, शाळा शिकला नाही पण भिंतीकडे बघून रंग किती लागेल ते चोख सांगतो. कधी विचार केला का आपण, की गणितच का येतं?

मी म्हटलं, “मग मेल्या, बोलला का नाहीस? घरी तर रोज भांडायचास माझ्याशी.”

तेव्हा त्यानं ब्रश खाली ठेवला. म्हणाला, “घरी तू मला ओरडायचीस, ताई. शाळेत एकदा ताई म्हटलं तर मुस्काटात दिलीस, बाई म्हणायचं म्हणून. त्या बाकापाशी आलीस की मात्र डोक्यावरून हात फिरवायचीस. मला वाटलं, सांगितलं तर तू तिथून उठवशील.”

नऊ वर्षांचा होता गं. मी एकोणीस. आई जाऊन वर्ष झालं होतं.

पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. घराची मालकीण बाहेर येऊन बघून गेली. तो म्हणाला, “अगं, दाराचा रंग ओला आहे, टेकू नकोस.” मग पुन्हा ब्रश उचलला. राग नाही त्याला, आणि तेच मला सोसवत नाही.

आता पानाचं ऐक. तुझं पत्र मला सव्वीस ऑगस्टला मिळालं. पान मी त्याच्या आदल्या दिवशी दिलं होतं, मुदतीच्या आत, नेहमीच्या हौसेनं. सहामाहीच्या आधी वाटायची म्हणून छपाई घाईची होती. तरी तुझ्यावर रुसून मी दोन आठवडे घालवले, ते माझ्या माथी. नंतर दोन बस बदलून कार्यालयात गेले. तो माणूस म्हणाला, “बाई, छापून झालं.” मी म्हटलं चूक आहे त्यात. म्हणाला, “शुद्धलेखनाची का?” मी म्हटलं, नाही, सगळीच. तर म्हणाला, “मग पुढच्या आवृत्तीत बघू.” पुढची आवृत्ती कधी? तर हात वर केले. पुस्तिकेचे गठ्ठे मागेच रचलेले होते. पान अकरा. नावाखाली माझी चौतीस वर्षं छापली आहेत.

परत येताना बसमध्ये उभी होते. गुडघे बोलत होते आणि मी ऐकत होते. तेवढ्यात एक गोष्ट सुचली. त्या माणसाकडून शाळांच्या पत्त्यांची यादी तेवढी घेऊन आले होते, उगाचच, रिकाम्या हातानं परतायला नको म्हणून.

एकशे चाळीस कार्डं लिहिते आहे. आतापर्यंत एकतीस झाली. बोटं आखडतात, मग थांबते. काल तुझा बाप आला, बघत बसला. म्हणाला, “माझ्याकडून काही होईल का?” मी म्हटलं, तू काय करणार, तिकिटं चिकटव. तो म्हणाला, “एखादी ओळ लिहितो की. चार शब्द असतील तर जमेल.”

आत्या

ता. क. त्याला तुझ्या फळ्याचं सांगितलं. म्हणाला, “तेलरंग मारणाऱ्याला रंगातलं काय कळतं? खरवडून बिनचमकीचा मारायला हवा.” शाळेला सुट्टी कधी आहे ते कळव.

२४ ऑक्टोबर

आत्या,

बाबा येऊन गेले. दोन दिवस फळा खरवडत होते. काम झाल्यावर हात पुसले आणि जाऊन खिडकीकडच्या मागच्या बाकावर बसले. गुडघे मावेनात, तिरके होऊन बसले. मी फळ्याच्या डाव्या बाजूला काहीतरी लिहिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “दिसतंय.” मग डबे उचलून बस पकडायला गेले. हेडसर मात्र नाराज आहेत. म्हणतात, “फळा चमकत नाही, तपासणीला काय दाखवू?”

सहामाही झाली. मुंगी पास झाली असं मी म्हणणार नाही. वाचनाच्या तक्त्यात ती ‘वाचत नाही’च्या रकान्यातून ‘अडखळते’च्या रकान्यात आली, एवढंच. तिच्या आईला बोलावलं. मुंगीनं पुस्तकातल्या तीन ओळी वाचून दाखवल्या, घाम पुसत. मग मी तिच्या आईला त्या बाकावर बसवलं आणि जुना फळा कसा दिसत होता ते सांगितलं. चूक आमची होती, असं म्हटलं. तिनं बाकाच्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “मीपण इथेच होते शाळेला. खिडकीकडे.” आणि म्हणाली, “वार्षिकपर्यंत राहू दे.”

तुझ्या हाताखालची होती की नाही, मी विचारलं नाही. तुला सांगावं की नाही, हेही दोन दिवस ठरत नव्हतं. पण आता आपण एकमेकींपासून लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

पुस्तिका आली. तिच्यानंतर तीन दिवसांनी कार्ड आलं. तू यादीतली एकही शाळा गाळली नाहीस, आमचीसुद्धा. हेडसरांनी ते मुंगीच्या हाती वर्गात पाठवलं. ती दारातून आत येईना. तिथेच उभी राहून ओठ हलवत होती. मी तक्ते भरत होते, डोकं दुखत होतं. ओरडणारच होते, तेवढ्यात तिनं वाचायला सुरुवात केली. तुझा मजकूर तिनं सोडूनच दिला, जोडाक्षरं फार आहेत त्यात. खालची ओळ वाचली, बोट ठेवून. ‘आधी तिथे बसून पाहा.’

अक्षरं मोठी, वेगवेगळ्या उंचीची, ओळ वर चढत गेलेली. मी लगेच ओळखलं. सत्तावीस वर्षांत बाबांच्या हातचं लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मुंगीनं कार्ड उलटसुलट केलं आणि मला विचारलं, “बाई, हे कुठल्या मुलानं लिहिलंय? माझ्यासारखं अक्षर आहे.”

मी म्हटलं, “तुझ्याच बाकावरच्या.”

तुझी,
खडू